बॅटरी भरत नाही

"लाइट येतेय हो. किटली चालते, पंखा चालतो. फक्त बॅटरी भरत नाही."

गाडीच्या दारातून एक बाई सांगत होती. खांबाच्या बुडाशी उकिडवी बसलेली वायरमनबाई मान वर न करता म्हणाली, "कधीपासून?"

"परवापासून. आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"सगळ्यांना तसंच वाटतं. मला बोलावतात तोवर बॅटरीने मान टाकलेली असते."

तिने खांबावरचा निळा प्लग उपसला आणि मीटरच्या सळया भोकांत घातल्या. लाइट होती, पुरेपूर होती. या तळावर येणाऱ्या घरगाड्या अशाच एकेका खांबाला केबल लावून उभ्या राहत. आत पलंग, शेगडी, मोरी, कपाटं. सगळा संसार चाकांवर. केबलमधून लाइट आत गेली की चार्जर बॅटरी भरायचा, आणि रस्त्याला लागल्यावर त्याच बॅटरीवर आतलं घर चालायचं. कुणाची केबल तुटायची, कुणाचा चार्जर जळायचा, कुणी स्विच लावायलाच विसरून दुसऱ्या दिवशी तळाच्या मालकाशी भांडायचं. हे सगळं निस्तरायला मालकाने वायरमन ठेवला होता. तो वायरमन बाई निघाल्यावर लोक जरा चाचपडत आणि मग "अहो वायरमनबाई" म्हणून हाक मारत. इतकी वर्षं तीच हाक ऐकून तिला आपलं दुसरं काही नाव आहे असं वाटेनासं झालं होतं.

"केबल ठीक आहे," ती उठत म्हणाली. गुडघा कटकन वाजला. "आत बघावं लागेल."

आणि मग तिने पहिल्यांदा त्या बाईकडे नीट पाहिलं. केस पांढरे, मनगटाला पट्टी, गालांची हाडं वर आलेली. पण हनुवटीवरचा तीळ तोच.

"ताई," बाई हळूच म्हणाली.

तिची भावजय होती ती. धाकट्या भावाची बायको. वडील गेले, त्याच्या पुढच्या वर्षानंतर दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या.

वायरमनबाईने मीटरची वायर बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तो आहे?"

"आत आहेत. झोपून."

"या वेळी?"

"आता सगळ्याच वेळी, ताई."

पायरी चढून ती आत गेली. गाडीत औषधाचा आणि उकडलेल्या दुधाचा वास कोंडला होता. मागच्या बाजूला खिडकीला लागून पलंग होता, त्याला कठडा लावलेला. पलंगावरची गादी हवेची होती. खाली एक छोटा पंप गुरगुरत होता आणि गादी एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला फुगत होती. आणि त्या गादीवर तिचा भाऊ होता. एकेकाळी रुंद खांद्यांचा, दारातून आत आला की वडिलांचं दुकान भरल्यासारखं वाटायचं असा. आता चादरीखाली कुणी आहे की नुसती चादर आहे, हेही पटकन कळलं नसतं.

"मागच्या हिवाळ्यात मेंदूत रक्त गोठलं," भावजय मागून सांगत होती. "उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, सगळं समजतं त्यांना, फक्त बोलता येत नाही. एक शब्द तेवढा राहिलाय."

भावाने डोळे उघडले. तिला पाहिलं. ओठ एका बाजूला ओढले गेले, गळ्याची शीर ताठ झाली.

"बघू," तो म्हणाला. आणि मग डोळ्यांतून पाणी वाहत असताना, "बघू, बघू, बघू."

वायरमनबाईला हसू फुटायच्या बेतात होतं. ते ओठांपर्यंत आलं असतं तर हसूच राहिलं असतं की आणखी काही झालं असतं, कोण जाणे. देवाने एकच शब्द मागे ठेवला, तोही कसा अगदी निवडून ठेवला.

"बॅटरी कुठेय?" तिने विचारलं.

बॅटरी बाजूच्या बाकाखाली होती. झाकण उचलून तिने मीटर लावला. काटा साडेअकरा व्होल्टच्याही खाली, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. टर्मिनलांवर हिरवट पांढरी भुकटी साचली होती. तिने गरम पाणी मागितलं, जुन्या ब्रशने भुकटी घासून काढली, पाना लावून नट आवळले. हात काम करत होते. हातांना काही आठवत नाही, हा हातांचा मोठा गुण.

आठवत होतं ते बाकीच्या तिला.

वडिलांचं दुकान होतं, गाड्यांच्या वायरिंगचं. दोन्ही मुलांना त्यांनी शिकवलं. धाकट्याला पान्यापेक्षा गिऱ्हाइकाशी गप्पा आवडायच्या. ही मात्र शाळा सुटली की थेट गाडीखाली. पुढे लग्न झालं, मोडलं, ती परत आली आणि पुन्हा गाडीखाली गेली. वडिलांची नजर अधू झाल्यावर दुकान तीच चालवायची. वडील गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकाने सांगायचे, "दुकान पोराचं, हात पोरीचा!" गिऱ्हाईक हसायचं, ती पण हसायची. ती थट्टा नव्हती, निकाल होता, हे तिला वडील गेल्यावर समजलं. एका सकाळी ती दुकानावर आली तर कुलूप बदललेलं. धाकट्याने दुकान फरशीवाल्याला विकलं होतं. ती तशीच घरी गेली आणि जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या भावाला विचारलं, "आणि माझं काय?"

त्याने घास गिळला. म्हणाला, "बघू, ताई. बघू काहीतरी."

महिना गेला, वर्ष गेलं. जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा बघू. शेवटी तिने विचारायचं सोडलं आणि हत्यारांची पेटी उचलून वाट धरली. ती पेटी घेऊन किती गॅरेजांच्या दारात उभी राहिली आणि किती ठिकाणी "बाई, हे तुमचं काम नव्हे" ऐकलं, ते तिने कुणाला कधी सांगितलं नाही. सांगायला कुणी नव्हतंही.

"टर्मिनलचा दोष नाही," ती म्हणाली. "चार्जर दाखव."

भावजयीने कपडे बाजूला सारून कपाटाचा तळ उघडा केला. चार्जरचा पंखा फिरत होता. वायरमनबाईने त्याच्या तोंडाशी मीटर लावला. चौदा व्होल्टच्या वर. ठणठणीत.

"गंमतच आहे. इथून चौदा निघतायत आणि तिथे पोचत नाहीत. मधेच कुणीतरी खातंय."

"म्हणजे मोठं काम आहे?"

"सापडलं की छोटं. न सापडेपर्यंत सगळी कामं मोठीच."

"आजच्या आज होईल ना, ताई?" भावजय कपाटाला टेकून उभी होती. "उद्या दुपारच्या आत पोचायचंय. पुढच्या शहरात एक संस्था आहे, अशा माणसांना कायमचं ठेवून घेतात. कधीपासून नंबर लावला होता. आता पलंग रिकामा झालाय, पण उद्या नाही पोचलो तर पुढच्याला देतील."

"मग जा की. इंजिन तर चालू आहे."

"गादी! पंप बॅटरीवर चालतो. इथे खांबाची लाइट आहे म्हणून फुगतेय. रस्त्यात बॅटरी बसली तर तासाभरात सपाट. पाठीला आधीच एक जखम झालीय, ती आत्ता कुठे भरत आलीय. पुन्हा चिघळली तर संस्थावाले दारातूनच परत पाठवतील." ती थांबली. "नाहीतर मी कशाला थांबले असते? दुसरीकडेही वायरमन मिळाले असते."

"मिळाले असते. मग इथेच का?"

भावजयीने पट्टी बांधलेलं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. गादी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीला गेली.

"तुम्ही इथे असता हे कळलं होतं. बॅटरी बिघडली ती खरीच बिघडली, ताई, खोटं नाही सांगत. पण बिघडली नसती तरी मी या रस्त्याने येणारच होते. एकदा विचारून बघावं म्हटलं. घर विकून ही गाडी घेतली, जग फिरू म्हणाले. दोन उन्हाळे फिरलो. आता घर नाही, मूल नाही. मला यांना उचलणं झेपत नाही. त्या संस्थेत एका खोलीत आठ-आठ माणसं असतात, मी बघून आलेय." तिने आवाज खाली आणला, तो पलंगापर्यंत जाऊ नये म्हणून, पण एवढ्याशा गाडीत आवाज जाणार तरी कुठे. "तुम्ही ठेवाल का यांना? तुमच्याकडे? मी पण राहीन, करीन सगळं. फक्त उचलायला कुणीतरी."

"माझी एक खोली आहे. धोबीखोलीच्या मागे. पलंग वळवायचा तर दार उघडावं लागतं."

"मग गाडीच लावू की इथे कायमची. जागेसाठी अडत नाही."

"मग नाही म्हणते," वायरमनबाई म्हणाली.

नुसतं बघू म्हणायला काही लागत नव्हतं. पण तिने नाहीच म्हटलं, आणि म्हटल्यावर तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

भावजयीने मान हलवली. रडली नाही. "कुलूप बदललं त्या सकाळी मी घरातच होते, ताई. चकार शब्द काढला नाही मी. मला कुठल्या तोंडाने राग येणार?" मग अगदी वेगळ्याच आवाजात तिने विचारलं, "तळावर गरम पाण्याची न्हाणीघरं आहेत म्हणे?"

"ऑफिसच्या मागे."

"तुम्ही आहात तोवर मी डोक्यावरून अंघोळ करून येऊ? यांना एकटं टाकून जाता येत नाही. कितीतरी दिवसांत नुसते तांबे ओतून घेतेय."

"जा. घाई करू नकोस."

टॉवेल, साबण घेऊन भावजय निघाली आणि पायरी उतरताना तरुण बाईसारखी झपझप उतरली.

गाडीत आता पंपाची गुरगुर तेवढी होती. वायरमनबाईने चार्जरपासून वायर बोटांनी चाचपत न्यायला सुरुवात केली. कपाटातून ती जमिनीच्या फळीखाली गेली, बाकाकडे वळायच्या ऐवजी मागे सरकली आणि पलंगाच्या डाव्या कडेला एका छोट्या झडपेपाशी वर आली. इंजिनाकडून येणारी दुसरी वायरही तिथेच येऊन मिळाली होती. म्हणजे बॅटरी भरणारं जे काही होतं ते सगळं या झडपेतून जात होतं. झडपेवर भावाचा डावा हात पडलेला होता. त्याचा तो एकच हात चालत होता.

"हात काढ," ती म्हणाली.

हात हलला नाही.

"धाकट्या, हात काढ. मला आत बघायचंय."

"बघू," तो म्हणाला.

तिने त्याचं मनगट धरून हात उचलला. त्यात इतका जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. हात बाजूला ठेवून तिने झडप उघडली. आत फ्यूजांची ओळ होती: लाल, निळे, पिवळे, प्रत्येक आपापल्या खाचेत. एक खाच रिकामी होती.

ती टॉर्चने प्रकाश पाडून जवळून बघू लागली. खाच स्वच्छ होती. जळल्याचा डाग नाही, वितळलेलं प्लास्टिक नाही, वास नाही. फ्यूज उडतो तेव्हा मेला तरी जागेवरच राहतो. खाच रिकामी राहते ती कुणी हाताने काढला तरच.

तिने वर पाहिलं. भावाची मूठ मिटलेली होती. इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

आणि तिला मामाची जीप आठवली. धाकटा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. अभ्यासात लक्ष नाही म्हणून त्याला लांबच्या वसतिगृहाच्या शाळेत टाकायचं ठरलं होतं आणि पोचवायला मामा जीप घेऊन आला होता. ट्रंक चढली, आई रडून झाली, मामाने किल्ली फिरवली आणि जीप ढिम्म हलेना. वडिलांनी तिला बॉनेटखाली पिटाळलं. तिने रिकामी खाच पाहिली, वळून भावाकडे पाहिलं. तो अंगणाच्या कोपऱ्यात मूठ मिटून उभा होता आणि डोळ्यांनी तिची विनवणी करत होता. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, काही कळत नाही." वडिलांनी पाठीत धपाटा घातला. मामा वैतागून एसटीने निघून गेला, ट्रंक उतरली, पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. धाकटा घरीच राहिला. घरीच राहिला आणि दुकानाचा मालक झाला.

"तूच काढलास ना?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू हसल्यासारखी हलली. तिला खात्री होती, त्यालाही जीपच आठवत होती.

"तिकडे जायचं नाही तुला."

मान हलली. नाही.

"मग काय करायचं? तिचं मनगट बघितलंस? तुला उचलून उचलून गेलंय ते. उद्या ती पडली तर तुम्हा दोघांना कोण उचलणार?"

"बघू."

"मी काय सांगू तिला? चार्जर जळला म्हणून सांगू? नवीन यायला आठ दिवस लागतील म्हणून? सांगते की. खोटं बोलायला मला कुठे शिकायचंय, तुझ्यासाठी बोललेय मी आधी. पण आठ दिवसांनी काय? तोवर तिथला पलंग जाईल. मग? मग कोण करणार तुझं? मी?"

त्याने मान हलवली. हो. स्पष्ट, वरून खाली, दोनदा. आणि मिटलेली मूठ उचलून तिच्या बाहीवर टेकवली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की भावजय कपाटाशी उभी राहून जे मागत होती तेच हा मागत होता, आणि फ्यूज त्याने त्यासाठीच काढला होता. भावजय या रस्त्याने येणार हे त्याने ऐकलं असणार. गाडी इथे अडली की ताई येणार, ताईला खाच दिसणार, आणि ताई म्हणणार, काही कळत नाही. सगळा हिशोब त्याने पडल्या पडल्या केला होता. तिला राग आला, आणि त्यात मायाही होती हेच तिला सहन होईना.

"मी पण विचारलं होतं तुला," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट बसला. "माझं काय म्हणून. आठवतं? टेबलाशी बसला होतास. त्यानंतर मी कुठे झोपले, काय खाल्लं, एकदा तरी विचारलंस? दारोदार फिरले ही पेटी घेऊन. तू जग बघत होतास."

त्याने डोळे मिटले. "बघू," तो पुटपुटला. ऐकू येईल न येईल असं.

त्या शब्दात आता काहीही असू शकलं असतं. माफी असेल, विनवणी असेल, शिवीसुद्धा असेल. पण शब्द तोच होता, आणि तिला त्याचा एकच अर्थ माहीत होता.

तिने पेटी उघडली. फ्यूजांच्या कप्प्यातून हिरवा तीस अँपियरचा फ्यूज काढला, खाचेशी धरला आणि अंगठ्याने दाबला. टक् झालं. बाकाखाली कुठेतरी एक बारीक आवाज झाला आणि पलंगावरचा मिणमिणता दिवा हळूहळू पांढरा होत गेला.

भावाने दिव्याकडे पाहिलं. मग तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्याच्या मुठीला तिने हात लावला नाही. झडप लावली, बॅटरीपाशी जाऊन मीटर लावून बघितला. काटा चढत होता. ती बाकावर बसून राहिली, काटा बघत. तिने मनात चाचपून पाहिलं, हा सूड होता का? सूड म्हणावा तर त्यात गोडी नव्हती. बरोबर केलं म्हणावं तर तसंही वाटत नव्हतं. काम झालं होतं एवढं खरं.

भावजय परतली तेव्हा ओले केस पाठीवर सोडलेले होते आणि चेहरा पाण्याने लाल झाला होता. दारातूनच तिने दिवा पाहिला.

"मिळालं?"

"फ्यूज गेला होता."

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं बाई! आणि मी काय काय मनात आणलं. कशाने गेला हो?"

वायरमनबाई पेटीचं झाकण लावत होती. "जुना झाला होता," ती म्हणाली. "केबल रात्रभर राहू दे. सकाळी निघताना मला हाक मार, मी काढीन."

"चहा टाकते ना, ताई."

"नको. दुसऱ्या गाडीचं काम पडलंय."

दुसऱ्या गाडीचं काम नव्हतं. ती खोलीवर गेली, शिळी पोळी तव्यावर टाकली, ती करपली, आणि तिने ती तशीच खाल्ली.

सकाळी ऊन वर आल्यावर भावजयीने हाक मारली. बॅटरी पूर्ण भरली होती. भावाला कठड्याला पट्ट्यांनी बांधलं होतं, अंगात इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाणी लावून विंचरले होते. पाहुणा जायला निघावा तसा. वायरमनबाई पायरीवर उभी राहिली, आत गेली नाही.

"बॅटरी उतरणार नाही ना वाटेत?"

"नाही. इंजिन चालू असेपर्यंत भरत राहील."

"भेटायला येत जा, ताई. तुम्हाला बघून यांना बरं वाटलं. रात्रभर जागे होते."

भावजयीने खिशात हात घातला आणि काहीतरी तिच्यापुढे धरलं. दोन पायांचा हिरवा फ्यूज होता.

"चादर बदलताना यांच्या मुठीत सापडला. बोटं सोडवता सोडवता पुरेवाट झाली. तुमच्या पेटीतून पडला असेल."

"असेल."

"जळलेला वाटत नाही. चांगला दिसतो."

"चांगलाच आहे."

भावजय तिच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. तिच्या डोळ्यांत आधी काहीच नव्हतं, मग काहीतरी आलं, आणि मग तिने नजर वळवून पलंगाकडे पाहिलं. तिथून ती परत वायरमनबाईकडे आणायचं धाडस तिला झालं नाही.

"निघते मग," ती म्हणाली.

"सावकाश जा. वळणावर रस्ता खचलाय."

वायरमनबाईने केबल काढली आणि कोपर आणि अंगठ्यामध्ये वेटोळी घालायला लागली. इंजिन सुरू झालं. गाडी मागे-पुढे होत वळली आणि मागची खिडकी तिच्या समोरून सरकत गेली. खिडकीत भाऊ होता. त्याने डावा हात वर केला. मूठ नव्हती, नुसता पंजा होता, काचेला टेकवलेला, रिकामा.

तिचे दोन्ही हात केबलमध्ये होते. केबल खाली टाकायला कितीसा वेळ लागतो. तोवर गाडी फाटकापर्यंत पोचली होती.

मग तिच्या लक्षात आलं की केबल त्यांचीच होती, आणि ती गाडीत द्यायची राहून गेली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ती नुसती उभी राहिली. संस्थेच्या दारात गाडीला केबल लागणार नव्हती.

ऑफिसातला माणूस खिडकीतून डोकावला. "वायरमनबाई, झाली का जागा मोकळी? पुढची गाडी आलीये. कोण होते हो ते? ओळखीचे वाटले."

"गिऱ्हाईक," ती म्हणाली.

नवी गाडी मोठी होती, चालवणाराही नवाच असावा. मागे घेताना तो सारखा ब्रेक मारत होता, आणि त्याची बायको काच खाली करून ओरडत होती, "अहो बाई, जरा मागे बघता का? यांना अंदाज येत नाही!"

वायरमनबाईने केबल खांबाला अडकवली, गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हात वर केला.

"या," ती म्हणाली. "या... या... अजून या. बस."